पाटावर पुजलेल्या डिस्क

दसऱ्याला नीलेशच्या अंगात भक्ती शिरली, की एकही वस्तू जागेवर राहत नसे. महाडच्या आपल्या व्हिडिओ स्टुडिओतले कॅमेरे, दिवे पुजून झाल्यावर त्याची नजर रेकॉर्डिंग साठवायच्या लिनक्सवरच्या कॉम्प्युटरकडे वळली. नुसत्या डबड्याला काय हळदकुंकू वाहायचं, काम तर आतल्या डिस्क करतात, असं म्हणत त्याने चारही डिस्क काढून पाटावर मांडल्या, झेंडू वाहिला आणि हाताला येतील तशा परत बसवल्या. त्याची बायको माधुरी तेव्हा माहेरी, बिरवाडीला सोनं वाटत होती.

दुसऱ्या दिवशी एका डिस्कवरून मशीन सुरू झालं, पण बाकीच्या तीन मिळून रेकॉर्डिंगचा जो एक मोठा साठा दिसायचा, तो गायब. आणि नेमकी त्याच सकाळी पोलादपूरच्या वरच्या वाडीवरून गोदूबाई एसटीने आली. तिने आणि तिच्या बहिणीने, ठमाबाईने, एका लग्नात म्हटलेली हळदीची गाणी माधुरीने रेकॉर्ड केली होती. ठमाबाई श्रावणात गेली. तिचा आवाज आता तेवढाच उरला होता, आणि तो ऐकायला गोदूबाई नवं लुगडं नेसून बाकावर बसली होती.

बिरवाडीहून परतलेल्या माधुरीला नीलेशने पूजेची हकीकत सांगितली. नीलेशला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून तिने कॉन्फिगरेशनची फाईल उघडली, तर चूक तिच्याच हातची निघाली. साठ्याच्या डिस्क कोणत्या, ते तिनेच मोठ्या ऐटीत हाताने लिहिलं होतं: दुसरी, तिसरी, चौथी. पूजेनंतर हे क्रम बदलले होते आणि मशीन जुन्याच क्रमावर अडून बसलं होतं. डिस्कचा कायमचा ओळखक्रमांक तिच्यातच लिहिलेला असतो, ती कुठेही बसवली तरी तो बदलत नाही. तो सोडून ही शहाणी जागा मोजत बसली होती.

"तुमच्याबरोबर माझीपण पूजा बांधायला हवी," ती नवऱ्याला म्हणाली. तिने आपली ओळ खोडली आणि सगळ्या डिस्क तपासून नवी ओळ तूच तयार कर, अशी कमांड मशीनला दिली. ओळखक्रमांकासकट आलेली ओळ तिने फाईलीत घातली आणि मशीन पुन्हा चालू केलं. साठा जागेवर होता. नीलेशने देवाला हात जोडले. माधुरीला जोडायचं सुचलंच नाही, ती गाणं शोधत होती.

गोदूबाईने ओळ म्हणायची आणि ठमाबाईने ती पुरी करायची, अशी दोघींची रीत. पण रेकॉर्डिंगमध्ये गोदूबाईची ओळ संपायच्या आतच ठमाबाईचा खणखणीत आवाज घुसला. बाकावरच्या गोदूबाईने कपाळावर हात मारला.

"बघ गो पोरी, हितंपण तिला दम नाय," ती डोळे पुसत हसली. "जल्मभर माझी वळ पुरी होऊ दिली नाय. परत लाव. आता मी सोडतच नाय तिला."

माधुरीने गाणं पुन्हा लावलं. गोदूबाईने पदर खोचला, रेकॉर्डिंगवर वरचढ होत सूर धरला, आणि ठमाबाईची ओळ येताच आपणहून थांबली.