बिनचिठ्ठीची गोळी

शनिवारी दुपारी माधवी चंद्रपूरहून हात हलवत परत आली. बाबांच्या दुखण्याची गोळी काही मिळाली नाही. दवाखान्यात ती गोळी लिहायचा अधिकार एकाच डॉक्टरला, आणि ते गेलेले बाहेरगावी, सोमवारी येणार. दुसऱ्या डॉक्टरांनी कागद पाहून हळहळ केली, पण पेन काही उघडला नाही. औषधाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "जुन्या चिठ्ठीवर शिक्का पडला, ताई, ती आता चालत नाही. नवीन आणा." नशेसाठी ही गोळी पळवणारे लोक असतात, म्हणून एवढा कडक नियम, हे काय माधवीला कळत नव्हतं? पण हाडात कॅन्सर शिरलेल्या म्हाताऱ्यानं कोणाचं घोडं मारलं होतं?

त्याहून जास्त राग तिला बाबांचाच आला होता. मागं दुखणं जरा नरमलं तेव्हा मूठभर गोळ्या उरल्या होत्या. बाबांनी, म्हणजे गुणवंतरावांनी, त्या दवाखान्यात परत करायला लावल्या. माजरीच्या खाणीत त्यांचा जन्म गेला बारुदच्या कोठीवर. सहीची चिठ्ठी असल्याशिवाय सुरुंगाची एक कांडी बाहेर जायची नाही, आणि उरलेली कांडी दिवस मावळायच्या आत कोठीत परत. "उरला माल घरी ठिवत नसतात, माय," म्हणाले, आणि ही शहाणी पोरगी खरंच देऊन आली. आता बसा.

ती घरात शिरली तेव्हा गुणवंतराव भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"भेटली काय?"

"सोमवारी," ती म्हणाली.

 त्यांच्या पायाची बोटं आवळली गेली.

सोमवारपर्यंत यांचं मन कुठं गुंतवावं? तिनं पडदे ओढले, कूलर लावला आणि मोबाइलवर शोधून एक जुना सिनेमा टीव्हीवर लावला. ती लहान असताना कॉलरीतल्या, खाणीच्या वस्तीतल्या, मैदानात पांढरं कापड बांधून तो दाखवला होता. आजारी आईसाठी चांदण्याचं पाणी आणायला एक पोरगी पांढऱ्या घोड्यावर बसून पाताळात जाते, अशी त्याची गोष्ट.

तेवढ्यात शेजारची गुणाबाई मागच्या दारानं स्वयंपाकघरात आली. तिचा मालक याच दुखण्यानं होळीच्या आधी गेला होता. तिनं माधवीच्या मुठीत एक पाकीट दाबलं.

"त्याइच्याच उरल्या. तीच गोळी हाये, पाहून घे."

माधवीनं नाव पाहिलं, ताकद पाहिली, तारीख पाहिली. तीच होती. गुणाबाई पुढच्या खोलीत डोकावली, "जयभीम, भाऊ," म्हणाली आणि निघून गेली.

माधवी पलंगाशी येऊन बसली. टीव्हीचा निळा उजेड खोलीभर पसरला होता. घोडा उडाला. लहानपणी तो अगदी खरा वाटला होता, आता त्याच्या पोटाखालची तार दिसत होती. पाताळनगरीच्या भिंती रंगवलेल्या कापडाच्या होत्या आणि वाऱ्यानं हलत होत्या. तरी गंमत पाहा, तार दिसूनही घोडा उडतच होता, आणि तिचा जीव तिथून खाली यायला तयार नव्हता. कूलरचं पाणी आणि पाताळातलं पाणी एकाच आवाजात वाहत होतं. बाबांचे डोळे अर्धे मिटले होते.

"खाली असंच थंड राह्यते," ते पुटपुटले. "मुखरू बत्ती घेऊन फुडं चालून राह्यला. त्याले सांग, हळू."

मुखरू त्यांचा खाणीतला जोडीदार. त्याला जाऊन कैक वर्षं झाली होती. "सांगतो, बाबा," माधवी म्हणाली. कोण पाताळात, कोण खाणीत आणि कोण या पलंगावर, हे त्या घटकेला तिलाही धड सांगता आलं नसतं.

मग ते दार आलं. दारावर एका डोळ्याचा दारवान. "मुहर दिखाओ," तो म्हणाला. पोरीकडे शिक्का नव्हता; ती रडली, पाया पडली. दारवान जागचा हलला नाही. त्या वेळी मैदानातून घर येईपर्यंत माधवीनं याला पोटभर शिव्या घातल्या होत्या, आणि बाबा तिला खांद्यावर घेऊन मुकाट चालले होते. आज तिनं पहिल्यांदा त्याचं तोंड नीट पाहिलं. पोरगी मागं फिरते तेव्हा त्या एका डोळ्यातून पाणी येतं. हे तेव्हा दिसलंच नव्हतं.

"मले तवाही तोच आवडे," गुणवंतराव म्हणाले. "बिचाऱ्याले कोणी पानी नाई इचारत."

माधवीला भडभडून आलं. त्या रात्री त्या शिव्या नेमक्या कोणाला लागल्या, ते तिला आता समजलं.

आणि तेव्हाच दुखणं चढलं. गुणवंतरावांनी पलंगाची कड धरली, कपाळ घामानं डबडबलं. माधवीनं पाकीट काढलं.

"बाबा, गोळी घ्या."

"कोणाची?"

"गुणाबाईच्या मालकाची. उरलेली."

"तुया हाती चिठ्ठी हाये?"

"नाई."

"मंग परत दे."

"बाबा, ही खाण नोहे." तिचा आवाज चढला. "गोळीनं काई उडत नाई इथी. तुमी तडफडून राह्यले अन् मी नुसती पाहून राह्यली. काऊन? कोणासाठी?"

"सगळ्याइचं घाईचंच राह्यते, माय," ते दात आवळून म्हणाले. "एकाले देलं, तं दुसऱ्याले नाई कसं म्हणू?"

 गोळी तळहातावर घेऊन ती तशीच बसून राहिली. पडद्यावर पोरगी पुन्हा दारापाशी आली होती. गुणवंतरावांच्या घशातून एक आवाज निघाला. असा आवाज तिनं बाबांचा कधी ऐकला नव्हता.

"माधे."

"हो, बाबा."

"टीव्ही बंद कर."

"राहू द्या नं. पानी भेटाचंच हाये तिले अजून."

"तो दारवान पाहून राह्यला."

तिनं टीव्ही बंद केला. निळा उजेड गेला आणि पडद्याच्या फटीतून दुपार तेवढी आत येत राहिली. गुणवंतरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हात मागं, तिच्यासमोर धरला.

पाकीट काढल्यापासून ती याच हाताची वाट पाहत होती. पण तो पसरलेला पाहिला आणि बाबांना किती दुखत असेल, ते तिला आत्ता कळलं. तिनं त्यांच्या हातावर गोळी ठेवली आणि पाणी आणायला उठली.