ट्रेवरची माती

गौतमीताई जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, "रंभामावशी, दुपारी अमोल येतोय खेळायला. तेवढं टेबल पुसून ठेवा." आणि गाडी काढून त्या पिरंगुटला सामान आणायला गेल्या. आता टेबल पुसायचं म्हणजे त्यावरचं उचलायला नको? ते कसं उचलायचं, हे मात्र त्या सांगून गेल्या नाहीत.

टेबलावर सैन्य उभं होतं. बोटाच्या पेराएवढे शिपाई, शंभराच्या घरात. कुणाकडे भाला, कुणाकडे तलवार, एकाच्या हातात झेंडा. मिश्यासुद्धा रंगवलेल्या. चाळिशीला आलेली, कंपनीत मोठ्या हुद्द्यावरची बाई सुट्टीला बाहुल्यांशी खेळते, हे काही रंभाबाईच्या डोक्यात शिरत नव्हतं. ताईंना मूलबाळ नाही म्हणून असेल म्हणावं, तर त्यांचा हा मित्र अमोल दोन पोरांचा बाप. तोही आपलं सैन्य खोक्यात भरून पुण्याहून येणार होता.

शिपाई सुटे नव्हते. वीस-वीस जण एकेका पसरट ट्रेवर ओळीत उभे. असे पाच ट्रे. रंभाबाईने भीत भीत एका ट्रेला बोट लावून ढकललं, तर वीसच्या वीस जण एकदम पुढे सरकले.

"अगं बया!" ती म्हणाली.

म्हणजे एकेकाला हलवत बसायला नको, ट्रे सरकवला की पलटण चालली. एवढं तिला कळलं आणि कळल्याचं बरंही वाटलं. पण ट्रे नीट पाहिला तशी तिच्या कपाळाला आठी पडली. शिपाई कसे लख्ख, आणि पायाखाली नुसता चिखल! वाळलेली माती, तिच्यात गवताची कुसं, कडेला बारके खडे.

बंगल्याची चावी रंभाबाईच्या कमरेला असायची. ही चावी तिच्या लेखी काय होती, ते सांगायला हवं. बंगला उभा होता ते तिचंच खाचर. लग्न होऊन मुठा गावात आली तेव्हापासून तीस-बत्तीस वर्षं तिने तिथे भात लावला. चार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, भिवाजीने, मुलाला, कैलासला, फ्लॅट हवा म्हणून ते गौतमीताईंना विकलं. रंभाबाईला कुणी विचारलं नाही, आणि ती बोललीही नाही. मग ताईंनी तिलाच कामाला ठेवलं. चावी आहे तोवर फाटक उघडून केव्हाही आपल्या रानात पाय ठेवता येत होता. पलीकडच्या बंगल्यावरच्या बाईचं काम एक काचेची बरणी फुटली म्हणून गेलं होतं. आपलं गेलं तर आपलंच रान रस्त्यावरून बघावं लागेल, ही धास्ती रंभाबाईच्या मनातून जात नसे. म्हणून सांगितल्याच्या दुप्पट काम करायची तिला खोड होती.

तिने एक शिपाई उचलला. तो टिच् करून सुटला, पायाखाली लोहचुंबक होतं. शंभर जणांना एकेक करून पंचावर निजवलं आणि ट्रे मागच्या मोरीत नेले. माती नुसत्या पाण्याने हलेना. गरम पाणी झालं, साबण झाला, शेवटी तारेची घासणी घेतली तेव्हा कुठे सुटायला लागली. "कसली चिवट हाय ही!" म्हणत ती तासभर घासत होती. गढूळ पाणी गटारात गेलं. पाचही ट्रे काळेभोर चकाकायला लागले तेव्हा तिने पदराने घाम पुसला.

खरी पंचाईत पुढेच होती. कोण कुठे उभा होता? लक्षात ठेवायचं राहूनच गेलं. तिने आपल्या अकलेने लावायला घेतलं. भालेवाले पुढे. झेंडेवाल्याकडे हत्यारच नव्हतं, त्याला मागे मधोमध ठेवला, उगाच मरायचा. पिकल्या दाढीवाल्यांना पुढे मान द्यावा की मागे जपावं, यात पाव तास गेला. सगळे लागले, तर एक जण उरला! पुन्हा मोजलं, तरी उरलाच. हा एकविसावा मुळात कुठल्या ट्रेवर होता, तिला काही समजेना. त्याला तिने एकट्यालाच टेबलाच्या कोपऱ्यावर उभा केला.

तेवढ्यात गौतमीताई आल्या. पिशव्या हातातच राहिल्या.

"मावशी, हे ट्रे…"

"धुतले. लई मळले हुते, ताई."

ताई खुर्चीवर बसल्या. चेहरा असा, की हसतायत की रडतायत सांगता येईना. रंभाबाईचा हात आपोआप कमरेला गेला.

"माजं चुकलं काय? चावी ठिवू का हितं?"

"चावी कशाला? अहो, ती घाण नव्हती. मीच चिकटवली होती. फेव्हिकॉल लावून, चिमूट चिमूट. पलटण शेतातून चाललीय असं दिसावं म्हणून."

रंभाबाईने ट्रेकडे पाहिलं. जन्मभर संध्याकाळी पायाचा चिखल खरवडून घरात शिरलेली बाई ती. चिखल मुद्दाम चिकटवायचा?

"कुटली माती हुती ती?"

"इथलीच. व्यवहार झाला त्या दिवशी मी डबाभर नेली होती, बांधकामाच्या आधी. तुमच्या खाचरातलीच की."

रंभाबाईला आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा ती आपल्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहू लागली. आपलं रान आपणच घासून गटारात सोडलं.

"जाऊ द्या हो," ताई म्हणाल्या. "पुन्हा लावू. बाहेरून वाटीभर माती आणा."

रंभाबाई वाटी आणि खुरपं घेऊन बाहेर गेली. लॉनखालची माती ट्रकने आलेली, तिनेच पसरली होती. कुंड्यांतली नर्सरीची. मागच्या अंगाला मुरूम. तिने खुरप्याने एक फरशी उचकटली, तर खाली दगडाची कच आणि कचीखाली पुन्हा मुरूमच. वरचा काळा थर जेसीबीने पहिल्याच आठवड्यात उचलून नेला होता, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ती भिंतीच्या कडेकडेने उकरत गेली. एवढ्या मोठ्या आवारात वाटीभर माती निघेना. आपण रोज फाटक उघडून येतो ते नेमकं कशावर येतो, हेच तिला समजेनासं झालं.

शेवटी ती मागच्या दाराने निघून भावकीतल्या कोंडिबाच्या खाचराच्या बांधावर गेली.

"वयनी, काय पायजे?" कोंडिबाने विचारलं.

"माती. वाटीभर."

"न्या की, इचारता काय! पर कशाला?"

"शिपायांना."

कोंडिबा डोकं खाजवत राहिला. तिने वाळकी ढेकळं फोडून वाटी भरली आणि घाईने परतली.

ताईंनी माती बोटांत चुरडून पाहिली, वास घेतला. "हीच ना इथली?"

"व्हय," रंभाबाई म्हणाली. "हितलीच."

त्या घरात ती पहिल्यांदाच खोटं बोलली. ताईंनी ट्रेवर गोंद पसरला आणि माती भुरभुरली. पाचही ट्रे हुबेहूब पहिल्यासारखे दिसायला लागले, ताई खूश झाल्या. चावी कमरेलाच राहिली. पण दुसऱ्याच्या बांधावरची माती आपल्या खाचराची म्हणून इतकी बेमालूम खपली, याचं रंभाबाईला फार फार वाईट वाटलं.