रविवारची शपथ

लाज वाटायला मला उशीर झाला, हे आधीच सांगून टाकते. जोवर माझ्या हुशारीचं कौतुक चाललं होतं, तोवर मला लाजेची आठवणसुद्धा झाली नाही.

साल चौऱ्याण्णव. सिकंदराबादला नवीन खाजगी हॉस्पिटल निघालं होतं. खाली चकचकीत ग्रॅनाइट, वर गार हवा, वेटिंग हॉलमध्ये रंगीत टीव्ही आणि त्याला नुकतंच आलेलं केबल. मला तिथे नोकरी लागली ती भरती झालेल्या पेशंटांची विडी-सिगारेट सोडवण्यासाठी. टीव्हीवर मॅच लागली की सिगारेट कंपनीचं नाव मैदानभर झळकायचं आणि त्याच टीव्हीखाली बसून मी लोकांना तंबाखूचे तोटे समजावायची.

काळ्या पडलेल्या फुप्फुसांची चित्रं दाखवली. लोक "हौ, हौ" म्हणायचे आणि मागच्या जिन्यात जाऊन ओढायचे. मग मला युक्ती सुचली. रविवारी दुपारी भेटीच्या वेळेला घरचे सगळे जमतात. तेव्हा सगळ्यांच्या देखत पेशंटला लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचा आणि म्हणवून घ्यायचं, "याची शपथ, आजपासून विडीला शिवणार नाही." मग विड्यांचं बंडल त्याच्याच हातानं बादलीतल्या पाण्यात बुडवायचं. बायका रडायच्या, शेजारच्या खाटांवरचे टाळ्या वाजवायचे. दोन महिन्यांत माझ्या भिंतीवरच्या तक्त्यावर एकेचाळीस नावं चढली. डायरेक्टरसाहेब पाहुण्यांना आधी माझा तक्ता दाखवायचे, मग नवीन मशिनं.

आमच्या घरी असलं काही चालत नाही. माझे वडील शंकरराव नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, तिसरा फोटो नाही. शपथेचं ऐकून त्यांचा घास हातातच राहिला.

"सुमेधा, नवस-शपथा आपण सोडून चाळीस वर्षं होत आली. आणि तू त्या दुसऱ्यांच्या गळ्यात बांधतेस?"

"लोक विडी सोडतायत ना, पप्पा!"

"सोडतायत, का तुला तसं सांगतायत? चारचौघांत लेकराची शपथ घेतलेला माणूस चुकला, तर तो कुठल्या तोंडानं सांगेल?"

मला असा राग आला! तुम्ही आयुष्यभर तिकिटं तपासलीत, माणसं मला तपासू द्या, असं मी म्हणाले. ते जेवण उरकून उठले. मला वाटलं, मी जिंकले.

हिम्मतराव आले ते त्याच आठवड्यात. वय चव्वेचाळीस, कुकटपल्लीच्या एका कारखान्यात लेथवर काम, मूळ बिदरकडचे. उजव्या पायाचा अंगठा काळा पडलेला. विडीनं पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडत जातात, असा त्यांचा आजार होता. सर्जननी माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, विडी पूर्ण सुटली तर पाय वाचेल अशी आशा आहे. चालू राहिली तर कुठलंच औषध उपयोगाचं नाही.

वॉर्डात सगळा कारभार तेलुगू नाहीतर हिंदी. मी मराठी बोलले तसा त्यांचा चेहरा खुलला. "ताई, तुम्ही आपल्यातल्या निघालात. लई बरं झालं. हितं नुसतं तेलुगूत एमी, एमी चाललंय, मला काय समजंना."

त्यांची मुलगी प्रियदर्शिनी सात वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी. रविवारी मी तिला खाटेजवळ उभी केली. हिम्मतराव अडखळले. "ताई, दुसरी कशाची पण शपथ घेतो. पोरीची नक्को."

"का? मोडायचा विचार आहे?" मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. वॉर्ड हसला. त्यांनी हात ठेवला. तेल लावून चापून बसवलेल्या त्या केसांवर हात ठेवताना त्यांनी डोळे घट्ट मिटले, ते मी पाहिलं. मला ते फार परिणामकारक वाटलं.

त्यानंतर रोज सकाळी मी दारातूनच विचारायची, "काय हिम्मतराव?" ते म्हणायचे, "शपथ हाय ना, ताई." आजूबाजूचे माना डोलवायचे.

तीन आठवडे झाले. अंगठ्याशेजारचं बोटही काळवंडलं. गुरुवारी सर्जननी कागद बघत निर्णय दिला. "विडी सोडून तीन आठवडे झाले, तरी आजार वर सरकतोय. म्हणजे आता थांबण्यात अर्थ नाही. मंगळवारी गुडघ्याखाली कापू."

शुक्रवारी मी त्यांची समजूत काढायला गेले. त्यांच्या पत्नी शोभावहिनी डबा धुवायला गेल्या होत्या. मी खाटेशी बसून त्यांचा हात हातात घेतला, आणि वास आला. ताज्या विडीचा. बोटांची टोकं पिवळी होती. मी वर पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. हात त्यांनी ओढून घेतला नाही.

सर्जनची खोली तिथून वीस पावलांवर होती. हा माणूस अजून ओढतोय, म्हणजे पाय वाचवायचा खरा प्रयत्न अजून झालेलाच नाही, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. पण रविवारी केबलवाले माझ्या शपथेचं चित्रीकरण करायला येणार होते आणि तक्त्यावरचं बेचाळिसावं नाव हिम्मतरावांचं होतं. ऑपरेशन मंगळवारी आहे, सोमवारी सांगू, असा मी हिशेब केला. त्यांचा हात चादरीवर ठेवला, "आराम करा" म्हणाले आणि निघून आले.

रविवारी मी ठेवणीतली साडी नेसले. कॅमेऱ्यासमोर सांगितलं, "तक्त्यावरच्या एकानंही शपथ मोडलेली नाही." हिम्मतराव माझ्या मागेच खाटेवर बसले होते.

सोमवारी सकाळी शोभावहिनी एकट्याच आल्या. प्रियदर्शिनीला रात्रीपासून सणसणून ताप होता, शेजारणीजवळ ठेवून आल्या होत्या. ते ऐकून हिम्मतरावांचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यांनी मला हाक मारली ती अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेली.

"ताई, माझी पोरगी वाचवा! मी ओढतोय. रोज दोन-तीन ओढतोय. माझ्या पापानं तिला ताप आलाय. माझा पाय जाऊ दे, काय बी जाऊ दे, ती शपथ तेवढी उतरवा!"

शोभावहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मी शपथ कशी उतरवणार? ज्या गोष्टीवर माझा कधी विश्वासच नव्हता, ती मी त्या माणसाच्या उरावर ठेवली होती. ताप साधा आहे, शपथेनं कुणाला काही होत नाही, असं मी म्हणाले. माझ्या तोंडून ते ऐकून त्यांनी मान फिरवली.

मी सर्जनकडे धावले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ताच," मी म्हणाले.

मंगळवारचं ऑपरेशन त्यांनी थांबवलं. हिम्मतरावांनी त्या दिवसापासून खरोखर विडी सोडली, शपथेशिवाय. प्रियदर्शिनीचा ताप दोन दिवसांत उतरला. पण काळ्या पडलेल्या बोटांत तोवर पू झाला होता आणि तो वर चढला होता. शनिवारी पाय कापावाच लागला. हात धुताना सर्जन म्हणाले, "तीन-चार दिवस आधी कळलं असतं, तर कदाचित..." आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

तक्ता मी स्वतः उतरवला. पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

घरी जायच्या दिवशी हिम्मतराव चाकाच्या खुर्चीत बसले होते. शोभावहिनींनी माझ्यापुढे हात जोडले. "ताई, तुम्ही होतात म्हणून. कळल्याबरोबर धावत गेलात डॉक्टरांकडे."

मला ते सहन होईना. "वहिनी, मला शुक्रवारीच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

त्यांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. हिम्मतरावांनी मात्र मान हलवली.

"मला म्हाईत हाय ताई. तुम्ही हात धरलात तवाच समजलं, आता तुम्ही ओरडणार. तुम्ही काय बोललाच नाही. मला वाटलं, ताईनं माफ केलं. दिल असा हलका झाला बघा. शनवारी मग चार ओढल्या."

हे ते मला बरं वाटावं म्हणून सांगत होते.