गळ्यात ‘निकामी’ची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना पितळी कंपास आहे. पुस्तकात मला होकायंत्र म्हणतात, पण इकडे मध्य प्रदेशात, देवासमध्ये, त्या नावाने कुणी हाक मारली तर मीच वळून बघणार नाही. तुमच्या दप्तरातल्या कंपासपेटीशी माझं काही नातं नाही. तिच्यात खोडरबर असतं, माझ्यात चुळबुळ असते. माझी सुई शांत बसत नाही. कुणी शिंकलं की हलते, जीप गेली की हलते, आणि काहीच झालं नाही तर काही का झालं नाही म्हणून हलते.

माझा जन्म डोंगराच्या पायथ्याच्या एका सरकारी कारखान्यात झाला. झाकणावर क्रमांक ठोकला आणि ‘उत्तर दाखव’ एवढं सांगून मला जगात सोडलं. मी देवासच्या एका कॉलेजच्या एनसीसीत आलो. तिथे मला लोखंडी कपाटात ठेवलं. कंपासला लोखंडात ठेवणं म्हणजे पहिलवानाला उपासाच्या दिवशी जिलबीच्या दुकानात बसवणं. नऊ वर्षं मी मान मोडेपर्यंत कुलपाकडे बघत होतो आणि त्यालाच उत्तर दिशा समजत होतो. शेजारी एक फुटका बिगुल आणि कुणाचा तरी डावा बूट होता. बूटही अस्वस्थ असायचा, पण त्याचं कारण वेगळं होतं.

मग हवालदार मारुती आले. ते मूळचे साताऱ्याचे. एनसीसीत शिकवणाऱ्या फौजीला मुलं उस्ताद म्हणतात, म्हणून तेही उस्ताद. त्यांनी मला तळहातावर घेतलं, टिचकी मारली आणि म्हणाले, “जिवंत हाय की गडी!”

मित्रांनो, नऊ वर्षांत ही माझी पहिली स्तुती होती.

उस्तादांच्या पहिल्याच तासाला कुणीतरी विचारलं, “उस्ताद, गूगल आहे ना, मग हे कशाला?”

“उदयनगरच्या जंगलात नेटवर्क येतं का?”

“नाही.”

“मग तिथं गूगल काय करतं?”

“गोल फिरतं, उस्ताद.”

हे उत्तर विद्युल्लता निंबाळकरचं होतं. तिच्या नावाची पट्टी खिशावर मावत नसे. शेवटचा ‘र’ बगलेत जाई. पण नकाशा हातात आला की ही मुलगी वेगळीच व्हायची. उदयनगरच्या शिबिरात अकरा जणांना घेऊन ती बरोबर ठरलेल्या नाल्यावर पोहोचली, तेव्हा बाकीच्या तुकड्या एका शेतकऱ्याच्या मक्यात एकमेकींना शोधत होत्या. तेव्हापासून तिला दिसेल त्या वस्तूचा कोन मोजायची सवयच जडली. कॉलेजच्या गच्चीवरून तिने माताजींची टेकडी मोजली, पाण्याची टाकी मोजली, आत्याबाईंचं घरही मोजलं. “दोनशे दहा अंश,” ती म्हणाली, “म्हणूनच मला तिकडे जावंसं वाटत नाही.”

दिल्लीत दर वर्षी थलसैनिक शिबिर भरतं. देशभरातले कॅडेट तिथे नेमबाजीत, अडथळ्यांच्या शर्यतीत आणि नकाशावाचनात भिडतात. त्यासाठीची एक चाचणी धारच्या बाहेर, माळावरच्या शिबिरात होणार होती. विद्युल्लताचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिला गणवेश परत करावा लागणार होता. दिल्लीचं तिला कौतुक नव्हतं. तिला फक्त एकदा अशा जागी नकाशा उघडायचा होता, जिथली एकही पानटपरी तिच्या ओळखीची नाही.

धारला निघायच्या आदल्या दिवशी तिचे आजोबा, तात्यासाहेब, स्कूटरवरून कॉलेजात आले. त्यांनी खिशातून लोखंडाचा छल्ला काढला. काळ्या घोड्याच्या नालेचा. हा मधल्या बोटात घातला की शनीची पीडा टळते म्हणतात.

“वरातीतल्या घोडेवाल्याकडून आणलाय, बाळे. अस्सल काळा घोडा.”

“तात्या, तो घोडा मी पाहिलाय. पावसात तपकिरी होतो.”

“रंग गेला तरी घोडा तोच ना? घाल. चाचणी होईपर्यंत काढायचा नाही.”

आजोबांचं मन मोडू नये म्हणून तिने छल्ला घातला. उजव्या हातात. ती मला धरायची त्याच हातात.

मित्रांनो, माझ्या पोटाखाली चार बोटांच्या अंतरावर लोखंड आलं. माझं काय झालं असेल, याचा विचार करा. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण आम्हा कंपासांना तोंड नसतं, नुसता काटा असतो आणि तो त्या वेळी छल्ल्याकडे सरकत होता.

धारला सरावात ती एका कडुलिंबाकडे निघाली आणि एका हळदीच्या मांडवात पोहोचली. मांडवातल्या बायकांनी तिला नवऱ्यामुलाकडची समजून गालांना हळद लावली, जेवू घातलं. ती परत आली ती पिवळी होऊन. उस्तादांनी मला हातात घेतलं. त्यांच्या हातात मी बरोबर उत्तर दाखवली.

“कधी चालतो, कधी न्हाई,” ते म्हणाले. “हे तर बंद पडण्यापेक्षा वाईट.” त्यांनी एका चिठ्ठीवर ‘निकामी’ लिहिलं आणि दोऱ्याने माझ्या गळ्यात बांधलं. “दुसरा नाहीये पोरी. उद्यापुरता हाच ने. मग जाईल भंगारात.”

असा मी परीक्षेला गेलो. स्वतःचा निकाल गळ्यात घालून परीक्षेला जाणारा मी बहुधा पहिलाच.

चाचणी जोडीने होती. माळावर पाच झेंड्या लपवल्या होत्या आणि वेळेत चार तरी शोधायच्या होत्या. विद्युल्लताच्या जोडीला कुक्षी गावची ऋतिका होती. ती पहिल्या वर्षाची, पावलं मोजण्यात पक्की आणि तोंडाने त्याहून पक्की. पहिल्या झेंडीच्या जागी त्यांना उकिरडा मिळाला. दुसरीच्या जागी म्हशींचा हौद.

“चारशे बावीस पावलं मोजली मी,” ऋतिका म्हणाली. “एक पण कमी नाही. तुझा हा डब्बा पागल झालाय भिया!” माळव्यात मुलीलाही भियाच म्हणतात.

विद्युल्लता हौदावर वाकली. उजव्या हाताने तिने हौदाचं पाणी तोंडावर मारलं, आणि डाव्या हाताने, निव्वळ सवयीने, मागच्या मंदिराच्या कळसाचा कोन मोजला. मग मला उजव्या हातात घेऊन पुन्हा मोजला. चौदा अंशांचा फरक. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. मी इकडून तिकडे नाचत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बोटाकडे.

“अरे देवा. तात्या!”

“कुठेत तात्या?” ऋतिकाने घाबरून मागे पाहिलं.

छल्ला निघेना. उन्हाने बोट सुजलं होतं. ऋतिकाने तो दातांनी ओढून पाहिला, म्हशीने कुतूहलाने पाहिलं, पण उपयोग झाला नाही. शेवटी विद्युल्लताने उजवा हात पाठीमागे पट्ट्यात खोचला, मला डाव्या हातात धरलं आणि दोघी पळत सुटल्या. तिसरी झेंडी मिळाली, चौथी मिळाली, पाचवी मिळाली. मित्रांनो, मी इतका सरळ आयुष्यात कधी चाललो नव्हतो. मग शिटी वाजली. वेळ संपली होती.

तीन झेंड्या. एक कमी.

टेबलामागे चाचणी घेणारे सुभेदार साहेब बसले होते. त्यांनी कागद पाहिला, मग माझ्या गळ्यातली चिठ्ठी पाहिली.

“कंपास खराब था क्या? सामान खराब हो तो शाम को दोबारा मौका मिलेगा. नियम है.”

मागे उस्ताद उभे होते. चिठ्ठीवर अक्षर त्यांचंच. विद्युल्लताने नुसती मान हलवायची होती. बाकी सगळं माझ्या गळ्यात लिहिलेलं होतंच.

“बोल दे ना,” ऋतिका पुटपुटली. “चिठ्ठी तर लागलीय.”

माझी सुई थरथरत होती.

“कंपास ठीक है, साहब,” विद्युल्लता म्हणाली. “मेरे हाथ में लोहा था. ध्यान मुझे रखना था. कदम ऋतिका ने सही गिने, वो उसके नाम लिख दीजिए.”

सुभेदार साहेबांनी पेन उघडलं. त्यांनी तीनच झेंड्या लिहिल्या. दिल्लीच्या वाटेवरची पुढची पायरी दुसऱ्या जोडीला मिळाली. ऋतिका जेवणापर्यंत तिच्याशी बोलली नाही. जेवणात खीर होती, म्हणून मग बोलली.

संध्याकाळी तात्यासाहेब तिला न्यायला आले. उस्तादांनी त्यांना झाला प्रकार सांगितला आणि मला छल्ल्याजवळ नेऊन सुई कशी सरकते ते दाखवलं. तात्यासाहेबांचे डोळे चमकले.

“पाहिलंत? केवढी ताकद आहे! शनीसुद्धा असाच सरकला असणार.”

“तात्या, माझी निवड झाली नाही.”

“असं कसं? थांब.” ते तडक सुभेदार साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. “साहेब, गलती घोडे की है. लडकी की परीक्षा फिर से लीजिए.”

सुभेदार साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. “घोडा कहाँ है?”

विद्युल्लता हसली. हसता हसता तिला रडू आलं. तात्यासाहेब परत आले. स्कूटरच्या डिकीतून त्यांनी तेलाची बाटली काढली आणि खाली मान घालून तिच्या बोटाला तेल चोळत बसले. छल्ला निघाला.

“पुढच्या वर्षी नीट करू, बाळे.”

“पुढचं वर्ष नाहीये, तात्या.”

बाटलीचं बूच लावता लावता त्यांचे हात थांबले.

उस्तादांनी माझ्या गळ्यातली चिठ्ठी ओढून तोडली आणि खिशात घातली. “रविवारी सातला येशील का? ज्युनिअर पोरी आल्यात. मला नकाशा येतो, पण मी शिकवलेलं कुणाला कळत न्हाई.”

विद्युल्लताने बोट पुसलं. “सात नको उस्ताद, सहा. नंतर ऊन होतं.”

तेव्हापासून दर रविवारी सहाला मी तिच्या हातात असतो, आणि पोरी वैतागून जांभया देत रांगेत उभ्या असतात. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आम्हाला धूळ लागू देऊ नका, उन्हात विसरू नका. आणि ठरलेल्या झेंडीऐवजी म्हशींच्या हौदावर पोहोचलात, तर आमच्या गळ्यात चिठ्ठी बांधण्याआधी एकदा आपला हात पालथा करून बघा. तुमच्यातही माझ्यासारखी चुळबुळ असेल तर ती दाबू नका. एनसीसीच्या नोंदणीचा कागद कॉलेजच्या फळ्यावर लागला की नाव द्या. उत्तर दिशा कुठे आहे ते मी सांगेन. चालायचं मात्र तुम्हालाच आहे, कारण मला पाय नाहीत.