चार सर्किटांचा ताणा

१९८४ साली पुष्पलता परातेने नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत एक बोर्ड बांधला. वेगाने येणारा सांकेतिक मजकूर वाटेत कुणी बदलला का, हे त्याने तपासायचे होते. एक सर्किट त्या वेगाला पुरेना, म्हणून तिने मजकुराचे तुकडे चार सर्किटांना आळीपाळीने वाटले आणि शेवटी चौघांच्या उत्तरांची बेरीज केली. पण शेजारच्या दोन तुकड्यांची अदलाबदल केली तरी बोर्ड मजकूर खराच ठरवी. शनिवारपर्यंत हे सुटले नाही, तर काम दुसऱ्या गटाकडे जाणार होते.

सक्करदऱ्याच्या घरी तिचे वडील नत्थूजी मागावर बसून ताण्याचे उभे धागे नीट करत होते.

"काहून वं, तोंड पाडून बसली?"

तिने सगळे सांगितले. ते हसले.

"चार जण नवा ताणा जुन्याले जोडून राहिले, तं कोणता धागा कितवा हे आधी ठरते. नाही तं काठ मधात येते अन् गिऱ्हाईक मले हसते! तुह्या चौघायले त्यायची जागा सांगितली का?"

तेवढेच राहिले होते. दुसऱ्या दिवशी तिने प्रत्येक सर्किटाचे उत्तर त्याच्या जागेप्रमाणे वेगळ्या संख्येने गुणले आणि मगच बेरीज केली. शनिवारी प्रयोगशाळेच्या साहेबांनी स्वतः तुकडे उलटसुलट करून पाहिले. दर वेळी मजकूर बदलल्याचा लाल दिवा लागला.

अहवालात तिने आभाराची एकच ओळ लिहिली.

"हे नत्थूजी पराते कोणत्या संस्थेचे?" साहेबांनी विचारले.

"विणकर आहेत, सर. माझे वडील."

साहेबांनी त्या नावापुढे आपल्या पेनाने 'विणकर' असे लिहिले.