पाहुण्यासाठी खडी

टेकडीवरच्या चर्चसमोर हार्लन मायर यांनी खडी टाकली ती माझ्यासाठी. हे त्यांच्याच तोंडून कळलं, तेव्हा मी कपाळावर हात मारला.

आमच्या टाऊनशिपमध्ये कुणी छप्पर वाढवलं किंवा अंगण पक्कं केलं, की तिथलं पावसाचं पाणी कुठे जाणार ते तपासायला टाऊनशिपच्या कचेरीकडून मी जातो. लोकांना वाटतं, पाणी उताराकडे धावतं हा नियमही मीच काढलाय. चर्चचं काम तसं किरकोळ होतं. बाजूच्या दाराला एक रॅम्प आणि त्यावर छप्पर. पाणी न मुरणारी पक्की जागा किती असावी याला मर्यादा आहे, एवढं तिच्यात बसत होतं. मी मोजून मान डोलावली की काम सुरू. मर्यादा ओलांडली तर मात्र इंजिनिअर आणा, आराखडा करा, पाणी मुरवायला तळं खणा. एवढ्याशा चर्चला ते कुठून झेपणार?

रॅम्प हवा होता हार्लन यांच्या पत्नीला, व्हर्नाबाईंना. त्या जन्मभर तिथे गायल्या. लहानपणी मलाही सूर शिकवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि लवकरच नाद सोडला. आता त्या व्हीलचेअरवर आहेत आणि दाराला उभ्या पायऱ्या. कुणाला उचलूही देत नाहीत. “मी काय बटाट्याचं पोतं आहे?” म्हणतात. म्हणून दर रविवारी हार्लन दाराजवळच्या गवतावर गाडी लावतात आणि बाई काच खाली करून गाडीतूनच आतल्या गाण्याला साथीचा दुसरा सूर देतात.

आमच्याकडे कुणी यायचं असलं की लोक आधी खडी टाकतात. लग्न असो की मयत, ताजी खडी म्हणजे मान. गवताच्या त्या पट्ट्याचा चिखल झाला होता. मी येणार म्हणून हार्लननी ट्रकभर खडी पसरली आणि वर रोलरही फिरवला.

“बघ, कशी झकास केलीय जागा! साहेबांच्या बुटाला चिखल नको.”

“हार्लन, अहो, हे काय करून ठेवलंत?”

“का? खडीतून पाणी खाली जातंच की.”

“गाड्या फिरून ती दबली की नाही जात. नियमात खडी आणि काँक्रीट सारखंच. मर्यादा ओलांडलीत तुम्ही.”

त्यांना आधी थट्टाच वाटली. मी टेप काढून मोजायला लागलो तसा त्यांचा चेहरा उतरला.

“जरा डोळेझाक कर ना. तिच्यासाठी.”

खोटं कशाला सांगू, डोळेझाक करायचं माझ्याही मनात आलं होतं. पण गेल्या वादळात या टेकडीचं पाणी खालच्या गल्लीतल्या तळघरांत घुसलं, तेव्हा भिजलेल्या गाद्या मीही उचलल्या होत्या.

“खडी काढा,” मी म्हणालो. “जमीन खोलवर भुसभुशीत करा, गवत पेरा. गवतानं जीव धरला की मी सही करतो.”

ऑक्टोबर संपत आला होता.

“म्हणजे पार वसंतात.”

“हो. आणि तोवर तिथे चाक जाता कामा नये. जमीन पुन्हा दबेल.”

हार्लन वळून गाडीकडे बघत राहिले. ती त्या खडीवरच उभी होती, काच खाली. बाईंनी सगळं ऐकलं होतं.

“ड्वाइट,” त्या म्हणाल्या, “सुरात तू कधीच नव्हतास रे. मापात मात्र पक्का निघालास.”

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी तिथून चाललो होतो. भुसभुशीत केलेल्या जमिनीवर पेंढा पसरला होता, भोवती दोरी होती. गाडी खाली रस्त्याच्या कडेला होती. एवढ्या लांब आतलं काही ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं. मला फार वाईट वाटलं. सही मात्र मी आजही केली नसती.

त्यांच्या शेजारी माझी गाडी थांबवून काच खाली केली, तर गाणं स्वच्छ ऐकू आलं. चर्चची दारं त्या कडाक्याच्या थंडीत सताड उघडी होती. आत सगळे कोट-टोप्या घालून, पोटातून ओरडून गात होते. दारं लागू नयेत म्हणून खडीनं भरलेल्या दोन बादल्या लावल्या होत्या.

व्हर्नाबाई तोंडातून वाफ काढत दुसरा सूर देत होत्या. कडवं संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“थांब हवं तर,” त्या म्हणाल्या. “फक्त गाऊ नकोस.”

मी इंजिन बंद केलं.