दुसऱ्यांदा निळी

मित्रांनो, मी एक जुनी जीन्स आहे. रंगाच्या पातेल्यात उतरले त्या दिवशी माझ्याजवळ काय काय होतं, ते आधी मोजून सांगते. खिसे पाच, त्यातला एक तळाशी फाटलेला. पट्टा ओवायचे बंद पाच होते, त्यातले चार उरलेले. बटण एक, चेन एक, तांब्याच्या टिकल्या सहापैकी चार. डाग अकरा: नऊ टोमॅटोच्या झाडाच्या चिकाचे, एक ॲसिडचा आणि एक कशाचा ते मलाही ठाऊक नाही. निळा रंग मात्र मोजण्याइतका राहिला नव्हता. शिवणीच्या आत, जिथे ऊन पोचत नाही, तिथेच काय तो होता.

माझा कापूस कुठल्या रानात पिकला हे मला माहीत नाही. मला आठवतं ते नारायणगावच्या बाजारातलं दुकान आणि तिथे मला हातात घेऊन उजेडाकडे धरणारी एक मुलगी. ती पेठ गावची तेजस्विनी. तिने माझी शिवण उलटून पाहिली, मग आपल्या वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "बारा महिने टिकंल का?" मी त्यांना सात वर्षं टिकून दाखवलं.

तिच्याबरोबर मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं उभी राहिले. तिथेच मला कळलं की जीन्स विटते का. नीळ सुताच्या पोटात शिरत नाही, पाठीवरच बसून राहते, म्हणून घासलं की निघते. तिथेच तेजस्विनीला एक सवय लागली. प्रयोगशाळेतला नॅपकिन नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असायचा. मग ती नळाखाली हात धुवायची आणि माझ्या उजव्या मांडीला पुसायची. तेवढी जागा माझी सगळ्यात आधी पांढरी पडली. मला त्याचा अभिमान होता. स्वच्छ धुतलेल्या हातांनी झिजायचं भाग्य सगळ्याच कपड्यांना मिळत नाही.

मग तिचं लग्न वारूळवाडीच्या गोकुळशी झालं आणि मी ट्रंकेच्या तळाशी गेले. त्या घरात सासरे संपत आणि सासू साळुबाई. तिकडच्या रीतीप्रमाणे ती सासऱ्यांना मामा म्हणे आणि सासूला आत्या. घरात माणसं प्रेमळ होती, पण जीन्स घालायची पद्धत नव्हती. कुणी मनाई केली नाही. कुणी विचारलंही नाही. मी अंधारात पडून राहिले.

मला बाहेर काढलं तेही मायेनेच. साळुबाई टोमॅटो तोडायला जायच्या. फवारणी झालेल्या झाडांत दिवसभर वावरून त्यांच्या पोटऱ्यांना चट्टे उठले होते. तेजस्विनीने ते पाहिले आणि मला त्यांच्या हातात दिलं. "आत्या, लुगड्याच्या आतून ही घाला."

"मी? ह्या वयात?"

"कुणाला दिसतंय?"

दिसलं अर्थात सगळ्यांना. वरून संपतमामांचा जुना शर्ट, मध्ये लुगडं, खाली मी. शेजारच्या सरूबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "साळे, अशी गेलीस तर बिबट्याबी वळखायचा न्हाई तुला."

"न्हाई वळखला तर बरंच हाय की," साळुबाई म्हणाल्या आणि वाकून तोडायला लागल्या.

टोमॅटोच्या झाडाचा चीक तुम्ही पाहिलाय का? हाताला आधी हिरवा लागतो, मग काळा होतो, साबण लावला की पिवळा होतो. पण जात नाही. दोन हंगामांत माझ्या गुडघ्यांवर आणि मांड्यांवर तो नऊ ठिकाणी बसला. त्या वर्षांबद्दल मी तक्रार करणार नाही. साळुबाईंच्या पायांवरचे चट्टे गेले.

या वर्षी तेजस्विनीला मंचरच्या पुढे एका माती तपासायच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. जागा एक होती. लग्नानंतर तिने चार ठिकाणी अर्ज केले होते, आणि उत्तर फक्त इथूनच आलं होतं. त्या रात्री जेवताना तिने सांगितलं, की परीक्षेला पॅन्ट आणि बंद बूट घालून यायला सांगितलंय.

"पॅन्ट?" संपतमामा म्हणाले. "साडी नेसून माती तपासत न्हाईत व्हय?"

"ढेकळं दळायचं यंत्र असतं, मामा. पदर जातो त्यात."

गोकुळ म्हणाला, "उद्या नारायणगावातून नवी आणू. त्यात काय."

"नवी जीन्स ह्या घरात यायची न्हाई," मामा म्हणाले. आवाज चढवला नाही, भाकरी मोडत म्हणाले. "लोक म्हणतील, सुनेला पॅन्टी आणून देतोय. तिची जुनी हाय ना? ती तिच्या बापाकडून आलीया. ती घालू दे, तिला मी कोण न्हाई म्हणणार."

गोकुळने तोंड उघडलं, तेजस्विनीने डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातल्या तारेवर वाळत होते, अकरा डागांसकट. साळुबाईंचा घास हातातच राहिला.

"माझ्यापायी गेली गं पोरीची पॅन्ट," त्या म्हणाल्या.

"गेली कुठं, आत्या? रंगवू आपण."

मित्रांनो, आता नीट ऐका.

तेजस्विनीने निळ्या रंगाची पुडी आणली. मागच्या दारी, मोरीजवळच्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापवायचं मोठं पातेलं चढवलं. मला पाण्यात पूर्ण भिजवलं. रंग वेगळ्या भांड्यात विरघळवला, फडक्यातून गाळला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मीठ तोललं आणि दोन पुड्या बांधून ओट्यावर ठेवल्या. साळुबाई हे सगळं पूजेची मांडणी पाहावी तसं पाहत होत्या.

"मीठ कशाला गं?"

"रंग पाण्यातच रमतो, आत्या. मीठ घातलं की तो पाण्याला नकोसा होतो, मग कापडाकडे येतो."

तेवढ्यात पुढच्या अंगणातून संपतमामांची हाक आली. "तेजू, लाईट आली बघ. कॉक फिरव, पाणी भलतीकडंच चाललंय." गोकुळ टोमॅटोचे कॅरेट घेऊन बाजारात गेला होता. शेताला पाणी द्यायची वीज आली की घरातल्या माणसाला धावावंच लागतं. ती कुणासाठी थांबत नाही.

"आत्या, उकळी आली की दोन्ही पुड्या टाका. आणि हलवत राहा." एवढं सांगून ती पळाली.

साळुबाई काठीने मला हलवू लागल्या. उकळी आली. त्यांनी पहिली पुडी उचलली, हातात तोलली आणि मोरीच्या टोकाला असलेल्या कढीपत्त्याकडे पाहिलं. मोरीचं सगळं पाणी त्याच्या मुळाशी जातं. ते झाड त्यांनी लग्न होऊन आल्या त्या वर्षी लावलेलं. खाऱ्या पाण्याने जमीन काय होते, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

कुंपणापलीकडून सरूबाईंनी डोकावलं. "काय शिजतंय?"

"पॅन्ट."

"मीठ बेतानं घाल मग. मंचरच्या सायबांना खारट लागायची."

साळुबाई हसल्या. पुडीतलं मूठभर मीठ पातेल्यात टाकलं, उरलेलं बांधून दुसऱ्या पुडीसकट फडताळात ठेवून दिलं.

मी पाण्यात होते. पाण्यात असणाऱ्या कापडाला मिठाची चव कळते. हे पुरणार नाही, हे मला कळलं. रंग माझ्याभोवती फिरत होता, आत येत नव्हता. मी काय करणार? बुडबुडे येत होते ते उकळीचे होते, माझे नव्हते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. साळुबाई थांबल्या, विचारात पडल्या आणि औषधांच्या खोलीकडे गेल्या. येताना हातात एक बाटली होती. स्टिकर. फवारणीच्या औषधात झाकणभर टाकतात ते, म्हणजे औषध पानाला धरून राहतं, ओघळत नाही.

"पानाला बसतंय, तर कापडाला का न्हाई बसणार," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पोरीचा रंग जाता कामा न्हाई." आणि एक झाकण सोडलं. क्षणभर थांबून आणखी एक.

त्यांचा हिशेब शेतातला होता, आणि शेतात तो बरोबर होता. पण स्टिकर जातीने साबणाच्या जवळचं. ते पानावर थेंब पसरवतं, आणि रंगाच्या पातेल्यात मात्र रंगाला पाण्यातच धरून ठेवतं. फेस वर आला. साळुबाईंनी तो ओगराळ्याने काढून राखेत टाकला. एवढी काळजी त्यांनी आपल्या स्वतःच्या लग्नातल्या शालूचीसुद्धा घेतली नसेल. मी त्या काळजीत बुडालेली होते आणि मला ओरडता येत नव्हतं.

तेजस्विनी परत आली तेव्हा तिच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. "मीठ टाकलं ना, आत्या?"

"टाकलं."

ते खोटं नव्हतं. मूठभर टाकलं होतंच.

तिने मला धुवायला घेतलं. पहिलं पाणी निळं, दुसरं निळं, तिसरंही निळंच. धुवायचं ते पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि मग पांढरा रुमाल घासून पाहायचा, हे तिला पाठ होतं. पण वीज गेली. टाकीत तळाशी उरलं होतं ते प्यायचं पाणी. तिने मला पिळून तारेवर टाकलं.

"मीठ पूर्ण पडलंय," ती म्हणाली. "म्हणजे हा वरवरचाच असणार."

तिचा तर्क चोख होता. फक्त ज्या गोष्टीवर तो उभा होता, ती फडताळात होती.

वाळल्यावर मी सुंदर दिसत होते, हे मी मान खाली घालून कबूल करते. अकराही डाग दिसेनासे झाले. शिवणीचा धागा तेवढा पिवळसर राहिला. तो सुताचा नव्हता, त्याने रंग घेतलाच नाही. संपतमामा तारेजवळून जाताना थबकले.

"ही नवी आणली का काय?"

"न्हाई, जुनीच हाय," साळुबाई म्हणाल्या.

"मग ठीक."

आणि साळुबाईंनी रात्री मला घडी घालताना माझ्यावरून हात फिरवला. "नोकरी लागली की सांगीन पोरीला, म्यां काय टाकलं व्हतं ते," त्या कोपऱ्यातल्या दिव्याकडे पाहत हळूच म्हणाल्या. त्यांच्या तळहाताला निळं लागलं. त्यांनी तो लुगड्याला पुसला.

सोमवारी गोकुळने मोटारसायकलवरून तिला सोडलं. "हात थरथरतायत का?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली. खरंच थरथरत नव्हते.

तपासणाऱ्या बाईंनी सातही उमेदवारांना एकाच पोत्यातली माती दिली. तिच्यातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोजायचं होतं. मित्रांनो, ही तपासणी अशी असते: मातीच्या द्रावणात रसायन घातलं की त्याला निळा रंग येतो. जितका गडद निळा, तितकं स्फुरद जास्त. यंत्र फक्त निळेपणा मोजतं. तो कुठून आला, हे यंत्र विचारत नाही.

तेजस्विनीने माती तोलली, हलवली, गाळली. तिचं प्रत्येक माप बिनचूक होतं. मी तिथेच होते, मी पाहिलं. मग तिने नळाखाली हात धुतले. नॅपकिन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होता. तिने हात माझ्या उजव्या मांडीला पुसले.

मी अंग आकसून घ्यायला पाहिलं. कापड आकसतं ते फक्त पाण्याने.

तिने नळीत रसायन घातलं, तोंडावर माझ्यावर पुसलेला ओला अंगठा ठेवला आणि कॉलेजात करायची तशी नळी दोनदा उलटी केली. द्रावण निळं झालं. ते निळं होणारच होतं, म्हणून ती हसली.

मित्रांनो, जुन्या कपड्याला फेकू नका, रंगवा. एवढंच मागायला मी आले होते. पण रंगवाल तेव्हा धुतल्याचं पाणी स्वच्छ होईपर्यंत थांबा. पांढरं फडकं घासून बघा. आणि जो तुमच्यासाठी मायेने पातेलं हलवतोय, त्याला नुसतं "टाकलं ना?" असं विचारू नका. किती टाकलं आणि आणखी काय टाकलं, तेही विचारा. तो रागावणार नाही. आम्हा कपड्यांना सगळं कळतं, पण सांगता येत नाही.

सगळ्यांचे कागद गोळा झाल्यावर बाईंनी त्या मातीचं आधीच काढून ठेवलेलं स्फुरद फळ्यावर लिहिलं: हेक्टरी अठरा किलो. दोन किलो इकडेतिकडे चालेल, असं म्हणाल्या. मग एकेक कागद वाचत गेल्या. सतरा. एकोणीस. अठरा. वीस. सोळा. अठरा.

तेजस्विनीच्या कागदावर एकतीस होते.